खिळेमामांची सरकती फळी

खिळेमामांनी उभ्या आयुष्यात किती राजवाडे बांधले याची गणती नाही. कोर्टं बांधली, तुरुंग बांधले, इस्पितळं बांधली, एकदा तर अख्खं जहाज बांधलं. फक्त यातल्या एकालाही मागची बाजू नव्हती. खिळेमामा नाटक कंपनीत सेट उभारायचे. लाकडाच्या चौकटीवर कापड ताणायचं, त्याला रंग मारायचा, पाठीमागून तिरकी काठी द्यायची, की झाली भिंत. काम करताना तोंडात सदा चार खिळे धरलेले असायचे, म्हणून कंपनीतल्या कुणीतरी त्यांना खिळेमामा म्हटलं. ते नाव असं चिकटलं की त्यांच्या बायकोलाही जो तो मामी म्हणायला लागला.

या धंद्याचा एक कायदा आहे. नटाचा पाय जिथे पडणार तिथे लाकूड, बाकी सगळीकडे पुठ्ठा. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी एकदा अख्खा दिवाणखाना बसच्या टपावर चढवून पाहावा, म्हणजे हलकेपणाची किंमत कळेल. खिळेमामा तालमीला येऊन कोपऱ्यात बसायचे आणि दिग्दर्शकाला विचारून घ्यायचे, नायिका कुठून येणार, कुठे टेकणार, रडताना कुठला खांब धरणार. तेवढाच खांब पक्का. उरलेल्या खांबांना कुणी नुसता धक्का दिला असता तर राजवाडा आडवा झाला असता. पण तो कधी झाला नाही, आणि याचा खिळेमामांना मनातून फार अभिमान होता. असावाच. असं काम करायला नजर लागते.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. इतके राजवाडे उभारणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात एक फळी धड नव्हती. मामी डबे खिडकीत ठेवायच्या आणि वारा आला की पकडायला धावायच्या. खिळेमामा सदा दौऱ्यावर. परत आले की जेवताना मामींना वाटेतली तळी सांगायचे. डोंगराआडचं हिरवं तळं, बगळ्यांचं तळं, आणि एक असं तळं की ज्यात संध्याकाळी अख्खं आकाश उतरतं. सांगताना माणूस रंगून जायचा. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, पुढच्या खेपेला तू चल. पण कंपनीच्या बसमध्ये नटांना जागा होती, सेटला होती, खोट्या केसांच्या टोपांच्या पेटीला तर खिडकीजवळची होती, बायकोला नव्हती. मामींनी काही वर्षं वाट पाहिली आणि मग विचारायचं सोडलं. त्यांनी विचारायचं सोडलं हे खिळेमामांच्या लक्षातही आलं नाही, याला काय म्हणावं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मामी काही हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी रोपवाटिका केली. गुलाब, पुदिना, टोमॅटोची रोपं, कुंड्या, खताच्या गोण्या, हे सगळं आठवड्याच्या बाजारात विकायचं. ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळायला लागतात त्या वयात त्या गाडी चालवायला शिकल्या आणि स्वतःच्या कमाईची गाडी दारात आणली. मागचा दरवाजा वर उघडणारी, साधी, कुटुंबाला पुरेल अशी. लेकीला आणि तिच्या पोरांना हिंडवायची तीच, खत वाहायची तीच. खिळेमामांना गाडी येत नव्हती. ते मामींच्या शेजारी बसून ब्रेक लावल्यासारखा पाय दाबायचे.

पुढे कंपनीने सेटच्या जागी मोठा पडदा आणला. त्यावर चित्रं उमटायची, राजवाडा बटणावर यायचा. खिळेमामांना हारतुरे मिळाले आणि ते कायमचे घरी आले. दोनचार दिवस नुसते इकडून तिकडे फिरले, मामींच्या पायात आले, आणि मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं की आता तळ्यावर जायचं. गाडीतच झोपायचं, तिथेच चूल मांडायची, मनाला येईल तितके दिवस राहायचं. मागच्या डिकीत अशी सोय करून देतो की राजाने हेवा करावा.

मामी हातातली कुंडी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना हसू येत होतं की राग, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"गाडी माझी आहे," त्या म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी माझ्या गोण्या तिच्यात पहिल्यासारख्या मावल्या पाहिजेत. आणि माझी कंबर आता जमिनीवर झोपण्यातली राहिली नाही. तुम्ही काय ते करा, मी फाटकासमोर एकदा त्यावर झोपून बघेन. धरलं तर येईन तळ्यावर. नाही धरलं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

खिळेमामांनी हे हसत हसत कबूल केलं. बाईला काय ठाऊक, ती कुणाशी पैज लावत होती!

आठवडाभर फाटकासमोर ठोकाठोक चालली. सवयीप्रमाणे त्यांनी आधी विचारून घेतलं. तू चढणार कुठून? बसणार कुठे? हात कशाला धरणार? मामी रोपांना पाणी घालत होत्या. त्यांनी वैतागून पाइपानेच दाखवलं, चढेन इथून, बसेन तिथे, आता जाता का? खिळेमामांनी खडूने खुणा केल्या. मागचं सीट काढून गॅरेजवाल्याकडे ठेवायला दिलं. डिकीपासून पुढच्या सीटपर्यंत पेट्यांची रांग, त्यावर घडीची पाट्यासारखी झाकणं, झाकणं उघडली की गोण्या खाली, मिटली की पलंग वर. बिजागऱ्या नाटकातल्या, मधली सळई उपसली की दोन तुकडे वेगळे होणाऱ्या. खिडक्यांना मखमली पडदे, उशाशी कोनाडा, कोनाड्यात दिवा. कोनाड्याला त्यांनी सोनेरी वेलबुट्टीही काढली. बघून डोळे निवावेत असं काम होतं.

प्रयोग संध्याकाळचा ठरला. प्रयोगच म्हणायचा, कारण गल्ली सगळी गोळा झाली होती आणि खिळेमामांनी धुतलेला सदरा घातला होता. समोरचा बेकरीवाला, जो एका खुर्चीत कधी मावला नाही, तो घरून बाक घेऊन आला. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची, तीही आली. खिळेमामांनी गोण्या भरलेली गाडी दाखवली, मग गोण्या आत ढकलल्या, सळया उपसल्या, झाकणं फिरवली, गादी उलगडली, पडदे सोडले, दिवा लावला. टाळ्या पडल्या. मामी पुढे आल्या, खुणेवर पाय ठेवून चढल्या, खुणेवर बसल्या. फळी हूं की चूं करेना. खिळेमामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मामींना तो मखमली पडदा हात लावून बघावासा वाटला. त्या जरा कोपऱ्याकडे सरकल्या. कडाड असा आवाज झाला आणि मामी गुडघ्यापर्यंत खताच्या गोणीत गेल्या.

गल्ली हसली. लेक धावली. बेकरीवाल्याने बाकावरून उठायचा प्रयत्न केला, पण तोवर मामींना बाहेर काढलंही होतं. पायाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. आणि या क्षणी खिळेमामांच्या तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं.

"पण तू तिथे बसणार नव्हतीस," ते म्हणाले.

मामींनी साडीवरचं खत झटकलं. आवाज चढवला नाही.

"तुम्ही सगळं समोरून बघणाऱ्यांसाठी करता," त्या म्हणाल्या. "मी समोर कधी नव्हतेच हो. मी मागेच होते." मग त्या लेकीचा हात धरून घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं की बाजाराच्या दिवसाआधी माझं सीट जागच्या जागी बसलं पाहिजे. खिळेमामांनी पडदे उतरवले, पेट्या काढल्या, सीट बसवलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांनी आधी प्लायवुडला दोष दिला, मग विकणाऱ्याला, मग दमट हवेला. ऐकून घ्यायला कुणी नव्हतं, तेव्हा तेही थांबलं. शब्द दिला होता, म्हणून तळ्याचा विषय त्यांनी काढला नाही. पण तोंड असं उतरलं होतं की रोपांनासुद्धा दया यावी. मामी जेवायला वाढत होत्या, बोलतही होत्या, मीठ हवं का, गॅस संपत आलाय, असं. तळ्याबद्दल त्या पूर्वीही बोलत नसतच, पण आता त्यांचं न बोलणं खिळेमामांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं. आपण बायकोला आयुष्यभर एक गोष्ट देऊ म्हणालो आणि ती आता कधीच देता येणार नाही, हे त्यांना आतून पोखरत होतं.

लेक आईच्या पायाला मलम घेऊन आली तेव्हा तिने बापाला अंगणात गाठलं. ती आईवर गेली होती, मोजकं बोलायची. आईची कंबर वयाने गेली असं तुम्हाला वाटतं, पण तसं नाही, असं तिने सांगितलं. आणि विचारलं, "बाबा, तुम्ही तिच्याबरोबर बाजाराला कधी गेला आहात का?"

नव्हते गेले. एकदाही नाही.

पुढच्या बाजाराला खिळेमामा न विचारता गाडीत बसले. मामींनी भुवया वर केल्या, पण उतरवलं नाही. बाजारात त्यांना कुणी काही करू देईना. मामींचे हात सरावाचे होते, मध्ये यांची लुडबुड झाली असती. म्हणून ते पालथ्या क्रेटवर बसले आणि तालमीला बसायचे तसे बघत राहिले.

त्यांनी पाहिलं की मामी डिकीच्या काठावर एक गुडघा टेकवतात, मग दुसरा. ओणव्या होऊन आत शिरतात. डावा हात कोपऱ्यात रोवतात, उजव्याने सीटला टेकलेली गोणी धरतात आणि पाठ कमानीसारखी वाकवून ती ओढतात. एक गोणी, मग दुसरी, मग कुंड्या. गिऱ्हाईक नसलं की काठावर कुठेही टेकतात, कधी या टोकाला, कधी त्या. चपलेचा पट्टा बांधायला पाय भलत्याच जागी ठेवतात. एवढ्याशा डिकीत अशी बोटभर जागा नव्हती की जिच्यावर मामींचा भार पडला नाही. खडूने खुणा करायच्या तर अख्खी डिकी पांढरी करावी लागली असती. आणि दर वेळी गोणी ओढताना त्या ओठ दाबत होत्या. ते ओठ दाबणं खिळेमामांनी जेवताना, झोपताना, उठताना हजारदा पाहिलं होतं आणि वय झालं असं म्हणून सोडून दिलं होतं. बाजार भरात होता, सगळीकडे आरडाओरडा होता, आणि हा म्हातारा क्रेटवर बसून डोळे पुसत होता. शेजारच्या बटाटेवाल्याला वाटलं, कांद्याच्या बाजूला बसल्यामुळे असेल.

घरी आल्यावर खिळेमामांनी मामींना विचारलं की गोण्यांसाठी डिकीत एक फळी करू का. फक्त गोण्यांसाठी. मामींनी आधी रिकाम्या गोण्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाल्या, सीटला हात लावायचा नाही.

या खेपेला खडू नव्हता, पडदे नव्हते, वेलबुट्टी नव्हती. अंगठ्याएवढं जाड प्लाय आणलं, तेही उलटंसुलटं ठोकून, आवाज ऐकून. कडेने लोखंडी पट्टी फिरवली. खाली ड्रॉवरला लावतात तसे, पण त्यांचे थोरले भाऊ शोभतील असे चॅनल बसवले, म्हणजे फळी गोण्यांसकट डिकीतून बाहेर सरकत यावी. सगळं आयुष्य वजन कमी करण्यात घालवलेला हा माणूस लाकूड वाढवताना दर वेळी थबकायचा. हे इतकं जड झालं तर उचलणार कोण, असं वाटायचं, आणि मग आठवायचं की हे कुठे न्यायचंच नाहीये. ते गाडीतच राहणार आहे. गॅरेजवाल्याने ते गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्कं केलं आणि चालत्या गाडीत फळी सरकू नये म्हणून एक दणकट कडी बसवून दिली. फळीला एक पदर आणखी होता. तो उलटा दुमडून वर झोपलेला असायचा. उलगडला की बाहेरच्या टोकाला दोन पाय खाली उतरायचे आणि सळई घातली की जागीच ठरायचे. बाजारात मांडणी करायला टेबल, असं खिळेमामांनी सांगितलं.

परीक्षेला त्यांनी गल्ली बोलावली नाही. फक्त बेकरीवाल्याला हाक मारली. त्याला आधी मध्यभागी बसवलं, मग उजव्या कोपऱ्यात, मग डाव्या, मग टोकाला, आणि शेवटी उठून उभा राहा आणि हल म्हणाले. बेकरीवाल्याने आधी स्वतःचा विमा आहे का ते आठवून पाहिलं. मग तो हलला. गाडी खाली वर झाली, कुत्री भुंकली, फळी जागची ढळली नाही. बेकरीवाल्याला उतरायचीच इच्छा होईना. इतकं मोकळं कुठे बसता येतं हो, असं तो म्हणाला.

बाजाराच्या दिवशी मामींनी कडी काढली आणि फळी ओढली. एका हाताने. खताच्या गोण्या आपल्या पायांनी चालत याव्यात तशा बाहेर आल्या आणि त्यांच्या कमरेच्या उंचीवर येऊन थांबल्या. वाकायचं नाही, आत शिरायचं नाही, ओढायचं नाही. मामींनी गोण्यांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. खिळेमामांकडे पाहिलं नाही. गोण्या उतरल्या, पदर उलगडला, त्यावर गुलाब मांडले आणि त्या विकायला लागल्या. त्यांनी त्या दिवशी एकदाही ओठ दाबले नाहीत, हे मोजायला खिळेमामा क्रेटवर बसलेच होते.

दुपारपर्यंत बाजारात बातमी पसरली. बटाटेवाला आला, फळी ओढून बघितली, ढकलून बघितली, पुन्हा ओढून बघितली. चिनी मातीच्या बरण्या विकणारी आली. तिने तर फळीखाली डोकंच घातलं. मग रांग लागली. जो तो विचारायला लागला की ही कुठल्या कारखान्यात मिळते. आणि मामी, ज्या सकाळपासून नवऱ्याशी चार शब्दही बोलल्या नव्हत्या, त्या पुदिन्याची जुडी बांधता बांधता सहज म्हणाल्या, "आमच्या घरी करतात." खिळेमामांनी उभ्या हयातीत किती टाळ्या ऐकल्या होत्या, पण त्या सगळ्या एकीकडे आणि हे तीन शब्द एकीकडे. ते क्रेटवरून उठले आणि उगाच बाजाराला एक चक्कर मारून आले. छाती एवढी फुगली होती की लोकांनी वाट दिली.

पुढे आठवडे गेले. मामींची कंबर सुधारली, त्या रोपांशी गुणगुणायला लागल्या. एकदा फळीचा पदर पुसता पुसता त्यांनी विचारलं, की कुंड्या मांडायला एवढं लांब टेबल कशाला लागतं? लाकूडच तेवढं होतं, कापून वाया कशाला घालवायचं, असं खिळेमामा जमिनीकडे बघत म्हणाले. मामींनी हाताने फळी मापली. त्यांच्या उंचीहून वीतभर जास्त भरली. मग पुन्हा फडकं फिरवायला लागल्या. ताकास तूर लागू द्यायची नाही, हे त्या घरात दोघांनाही छान जमत होतं.

मग एका बाजाराला सगळा माल लवकर खपला. गाडी निघाली. मोठ्या चौकात घराकडे वळायचं, तर मामी उलट्या बाजूला वळल्या. खिळेमामांना वाटलं, खत आणायचं असेल. खतवाल्याचं दुकान मागे पडलं. वस्ती मागे पडली. त्यांनी एकदा विचारण्यासाठी तोंड उघडलं, पण शब्द दिलेला होता. हा विषय काढायचा नव्हता. म्हणून ते गप्प बसले आणि पायाने ब्रेक दाबत राहिले.

ऊन कलताना गाडी थांबली. समोर पाणी होतं. दूरवर पसरलेलं, पलीकडचा काठ धूसर. मामी उतरल्या, मागचा दरवाजा वर केला, फळी ओढली, पदर उलगडला, पाय उतरवले, सळया घातल्या. फळीखाली उरलेल्या जागेत रिकाम्या कुंड्या आहेत असं खिळेमामांना वाटत होतं. तिथून गादी निघाली, चादरी निघाल्या, छोटी शेगडी, पातेलं, चहापत्ती आणि दोन घडीची स्टुलं. वर उघडलेल्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी जाड कापड सोडलं. ते कापड ओळखीचं होतं. पहिल्या प्रयोगातले मखमली पडदे उसवून, आतून अस्तर लावून त्यांनी ते पुन्हा शिवले होते. कधी शिवले देव जाणे. खिळेमामा हात लोंबते ठेवून बाजूला उभे होते. सेट दुसरं कुणी लावतंय आणि आपण बघतोय, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मामी फळीवर चढल्या. मधोमध बसल्या. मग मुद्दाम उजव्या कोपऱ्यात सरकल्या, तिथून डाव्या. मग आडव्या झाल्या, या कुशीवरून त्या कुशीवर वळल्या आणि दोन्ही पाय टोकाला नेऊन सोडले. फळीने साधी कुरकुरसुद्धा केली नाही. मामी तशाच पडून पाण्याकडे बघत राहिल्या. आकाश हळूहळू त्यात उतरत होतं.

"तुम्ही सांगायचात ते हेच ना?" त्यांनी विचारलं. "असंच दिसतं ना ते?"

खिळेमामांनी पाण्याकडे पाहिलं. मग खरं तेच बोलले.

"मला माहीत नाही गं. मी ही सगळी तळी बसच्या खिडकीतून पाहिली. प्रयोगाला पोचायची घाई असायची. बस कधी थांबलीच नाही."

मामी उठून बसल्या. नवऱ्याकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं, आणि मग त्या हसल्या, इतक्या मोकळेपणाने की काठावरचे बगळे उडाले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि सरकून शेजारी जागा केली.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "कुठेही बसा. ही गाडी माझी आहे, हवा तितका वेळ थांबेल."